श्रद्धेतला ‘द’ आधी, ‘ध’ नंतर

एका वाचकाने विचारलं आहे : ‘श्रद्धा म्हणजे शब्दशः हृदय देणे, असं प्रवचनात ऐकलं. खरं का? आणि विश्वासापेक्षा ती वेगळी कशी?’

आधी शब्द नीट लिहूया. चौकातल्या फ्लेक्सवर हमखास ‘श्रध्दांजली’ असतं, ध अर्धा आणि द पूर्ण. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली ही चूक पाहिली की जीव तुटतो. अर्धा द्, मग पूर्ण ध. शब्दाचा सांधाच तिथे आहे : श्रत् + धा. अक्षरं उलटली की दोन्ही तुकडे मोडले.

हे तुकडे एकेकाळी सुटेही वापरत. ऋग्वेदातल्या इंद्रसूक्तात (२.१२) लोक विचारतात, ‘कुठे आहे तो?’ काही तर म्हणतात, ‘तो नाहीच.’ त्यांना ऋषी सांगतो, ‘श्रदस्मै धत्त’, त्याच्यावर श्रद्धा ठेवा. श्रत् एकीकडे, धत्त दुसरीकडे, मध्ये ‘अस्मै’!

‘धा’ म्हणजे ठेवणे. निधी, निहित यांतला तोच. देणे म्हणजे ‘दा’, तो धातू वेगळा. तेव्हा प्रवचनकारांचं अर्धं चुकलं.

पण ‘श्रत्’ म्हणजे ‘हृदय’ हे मात्र बरोबर, आणि इथे माझं निघंटूशी, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशाशी, जमत नाही. निघंटूत ‘श्रत्’ सत्याच्या नावांत बसवला आहे आणि पुढच्यांनी तेच गिरवलं. ‘सत्य ठेवणे’ म्हणजे काय, हे कुणी सांगावं! त्यापेक्षा लॅटिन पाहा. ‘क्रेदो’ म्हणजे मी विश्वास ठेवतो. हृदयाला तिथे ‘कोर’, षष्ठीत ‘कोर्दिस’, ग्रीकमध्ये ‘कार्दिआ’. लॅटिनच्या या ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ येतो : केंतुम–शतम्, देकेम–दश. तसंच क्रेदो–श्रद्धा. आपल्या क्रेडिट कार्डातलं क्रेडिटही याच घरातलं.

‘मग हृदयात ह कसा?’ या एका अक्षरावर काही भाषाशास्त्रज्ञ अडून बसतात. अहो, नियम मोडलाय तो ‘हृद्’ने. तिथेही ‘श’च यायला हवा होता. श्रत् नियमाला धरून आहे, त्याला कशाला आरोपी करता? आणि श्रद्धासूक्तात (१०.१५१) ऋषी ‘श्रद्धां हृदय्ययाकूत्या’ म्हणतो, हृदयातल्या संकल्पाने श्रद्धा. दोन्ही शब्द त्याने शेजारी बसवलेत. मला तरी तो योगायोग वाटत नाही.

विश्वासाचं राहिलंच. तो ‘श्वस्’पासून, मोकळा श्वास घेण्यापासून आला : ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. श्रद्धेत काळीजच त्याच्यापाशी ठेवायचं. मराठीने तर तो ‘धा’ दुसऱ्यांदा जपला आहे. विठ्ठलाला आपण श्रद्धा देत नाही. त्याच्यावर ती ठेवतो.