उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतला फरक नेमका कसा ओळखायचा?

'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, हे तुम्हाला पाठ आहे. पण 'त्याच्या शब्दांचे बाण काळजात घुसले' या वाक्यात यातला एकही शब्द नाही, मग इथे अलंकार कोणता, असं तुम्ही विचारलंय.

शब्दांची ती यादी जरा बाजूला ठेवा. सोप्या प्रश्नात ती तारून नेते, अवघड प्रश्नात दगा देते. 'न हे वदन, चंद्रमा...' या पाठ्यपुस्तकांतून फिरणाऱ्या ओळीत पुढे 'गमे' (म्हणजे 'वाटतं', हाही यादीतला उत्प्रेक्षेचा शब्द) येतं आणि मुलं उत्प्रेक्षा लिहून मोकळी होतात. पण 'हे वदन नव्हेच' म्हणत कवीने उपमेयच, म्हणजे ज्याचं वर्णन चाललंय तेच, नाकारलंय, म्हणून ती अपन्हुती.

बघायचं ते हे की उपमेय आणि उपमान (ज्याच्याशी तुलना होते ते) यांच्यात कवीने अंतर किती ठेवलंय. चांदणं आणि दूध घ्या. 'चांदणं दुधासारखं शुभ्र आहे': दोन्ही वेगळी, फक्त शुभ्रपणा सारखा. ही उपमा. 'अंगणात जणू दूधच सांडलंय': चांदणं आहे हे ठाऊक आहे, तरी मन दुधाची कल्पना करतं. ही उत्प्रेक्षा. 'चांदण्याच्या दुधात अंगण न्हालं': आता दोन्ही एकच झाली. हे रूपक. आणि चांदणं दुधालाही लाजवू लागलं की व्यतिरेक. मराठी बोल अमृताशीही पैज जिंकेल असं ज्ञानेश्वर म्हणतात, तोही व्यतिरेकच.

याच जोडीचं मला फार आवडणारं एक संस्कृत उदाहरण आहे. खापरात चांदणं पडलंय आणि मांजर ते दूध समजून चाटतंय. इथे कवी तुलना करतच नाही, मांजराचीच फसगत झालीय. हा भ्रांतिमान. सोळाव्या शतकातले संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षित यांनी म्हटलंय की उपमा ही एकच नटी, तीच वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते. हे एकदा पटलं की अलंकारांची नावं सुटी सुटी घोकावी लागत नाहीत.

खरी पंचाईत समासात होते. 'मुखचंद्र' म्हणजे चंद्रासारखं मुख की मुख हाच चंद्र? नुसत्या शब्दावरून सांगता येत नाही. जुने काव्यशास्त्रकार अशा वेळी बघायचे की वाक्यातली क्रिया कुणाला शोभते. 'मुखचंद्र हसला' म्हटलं तर हसणं मुखाचं, म्हणून उपमा. 'मुखचंद्राने अंधार पळवला' म्हटलं तर अंधार घालवणं चंद्राचं काम, म्हणून रूपक. परीक्षेच्या पुस्तकांत ही कसोटी क्वचितच दिसते, आणि मला तर सगळ्यात उपयोगी तीच वाटते.

ती तुमच्या वाक्याला लावून बघा. घुसतं कोण? बाण. शब्द आपण ऐकतो, ते घुसत नाहीत. वाक्याने बाणाची क्रिया उचललीय, शब्द पूर्णपणे बाण झालेत. म्हणून रूपक. हेच 'त्याचे शब्दबाण मी निमूट ऐकून घेतले' असं असतं, तर क्रिया शब्दांची राहिली असती आणि मी उपमा म्हटलं असतं.