‘डिरेक्टरीचा दुवा’ की ‘डिरेक्टरीकडे नेणारा दुवा’?

प्रश्न असा आहे : दिलेला मार्ग (फाइलचा पत्ता) डिरेक्टरीचा, म्हणजे फोल्डरचा, आहे का हे तपासणाऱ्या एका फंक्शनचे दस्तऐवजीकरण मराठीत करताना ‘डिरेक्टरीचा सांकेतिक दुवा दिल्यास फंक्शन दुव्याचे अनुसरण करते व खरे हे उत्तर देते’ असे लिहिले, तर ते बरोबर ठरेल का? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, पण त्यातले तीन शब्द वाचकाला चुकीच्या दिशेने नेतात.

पहिला शब्द ‘सांकेतिक’. मराठीत सांकेतिक भाषा म्हणजे ठरावीक लोकांनाच कळणारी भाषा, त्यामुळे सांकेतिक दुव्यात काही गुप्त असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्यात दुसऱ्या ठिकाणाचा मार्ग साध्या मजकुराच्या रूपात साठवलेला असतो. ‘प्रतीकात्मक’ म्हटले की नुसता नावापुरता, असा अर्थ डोकावतो. प्रोग्रामर बोलताना ‘सिमलिंक’ म्हणतात; तोच शब्द ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण षष्ठीची. ‘डिरेक्टरीचा दुवा’ यातून डिरेक्टरीत ठेवलेला दुवा आणि डिरेक्टरीकडे नेणारा दुवा असे दोन्ही अर्थ निघतात, आणि इथे तर सगळा प्रश्न दुवा कुठे आहे आणि कुठे नेतो याचाच आहे. म्हणून ‘डिरेक्टरीकडे नेणारी सिमलिंक’ असे लिहावे. शब्द वाढला तरी चालेल.

‘अनुसरण’ हा शब्द मात्र सर्वांत घातक आहे, कारण तपासणी नेमकी कशाची झाली, हे तो सांगतच नाही. युनिक्स परंपरेत ‘स्टॅट’ ही हाक (प्रणालीकडे माहिती मागणारी आज्ञा) सिमलिंक ओलांडून लक्ष्याची, म्हणजे ती जिथे नेते त्या ठिकाणाची, माहिती देते, तर ‘एलस्टॅट’ सिमलिंकचीच माहिती देते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील ‘इजडिर’ हे फंक्शन पहिल्या पद्धतीने चालते, म्हणून लक्ष्य डिरेक्टरी असेल तर ‘इजडिर’चे उत्तर ‘खरे’ असते. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या मंचावर ‘एलस्टॅट’ने मिळवलेल्या माहितीला ‘इजडिरेक्टरी’ विचारले, तर त्याच मार्गासाठी ‘खोटे’ मिळते. जावामधील ‘इजडिरेक्टरी’ एरवी लक्ष्य पाहते, पण ‘नोफॉलो लिंक्स’ हा पर्याय दिला की सिमलिंकपाशीच थांबते. हा भेद मराठीत दाखवायला आपल्याकडे ‘च’ हे अव्यय आहे : ‘सिमलिंक ओलांडून लक्ष्य तपासते’ आणि ‘सिमलिंकच तपासते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की शंका उरत नाही. एवढी काटेकोरी हवीच, कारण ‘खरे’ या उत्तरावर विसंबून आत शिरणारा आणि फायली पुसत जाणारा प्रोग्राम सिमलिंकवाटे मूळ डिरेक्टरीबाहेरच्या फायलीही पुसू शकतो, आणि सिमलिंक वरच्याच डिरेक्टरीकडे नेत असेल, तर तो फिरून फिरून तिथेच येऊ शकतो.

तेव्हा वाक्य असे लिहावे : ‘दिलेला मार्ग डिरेक्टरीचा असेल, किंवा अस्तित्वात असलेल्या डिरेक्टरीकडे नेणाऱ्या सिमलिंकचा असेल, तर उत्तर खरे येते; मार्ग सिमलिंकचाच आहे का, हे यातून कळत नाही, त्यासाठी इजलिंक वापरावे.’

‘अस्तित्वात असलेल्या’ हे शब्द गाळू नयेत. लक्ष्य पुसले गेले तरी सिमलिंक जागेवर राहते, आणि अशा सिमलिंकला पायथनमधील ‘इजडिर’ व ‘एक्झिस्ट्स’ दोन्ही ‘खोटे’ म्हणतात, तर ‘लेक्झिस्ट्स’ ‘खरे’ म्हणते. तिला ‘तुटकी सिमलिंक’ म्हणण्याचा प्रघात आहे. मला ‘लक्ष्यहीन’ अधिक नेमके वाटते, कारण सिमलिंक स्वतः शाबूत असते, नाहीसे झालेले असते ते तिचे लक्ष्य.