फ्लॅनगनच्या मालिका कोणत्या क्रमाने बघाव्यात

भयमालिका बनवणाऱ्या माइक फ्लॅनगनची सर्वात चांगली मालिका कोणती असं विचारलंस, तर मी डोळे मिटून 'मिडनाइट मास' (२०२१) म्हणेन. पण सुरुवात तिच्यापासून करू नकोस. आधी 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (२०१८) बघ. दहाही भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केलेत. दिवे मालव, फोन लांब ठेव आणि पात्रांच्या मागच्या अंधाराकडे लक्ष दे. दाराच्या फटीत, जिन्याखाली कुणीतरी उभं असतं आणि कॅमेरा तिकडे बोटसुद्धा दाखवत नाही. सहावा भाग तर मी तीनदा बघितलाय: बाहेर वादळ, आत शवपेटी, आणि मिनिटन् मिनिटं न तुटणारा शॉट.

मग 'मिडनाइट मास'. सातच भाग, पण संथ. चौथ्या भागात दोन माणसं सोफ्यावर बसून मेल्यावर काय होतं एवढंच बोलतात. तिथे कंटाळून पुढे ढकलू नकोस, मालिकेचा जीव त्या बोलण्यात आहे.

तिसरा नंबर 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'चा (२०२३). ती एडगर अ‍ॅलन पोच्या कथांवर बेतलेली आहे, पो वाचला असशील तर दुप्पट मजा. 'द हाँटिंग ऑफ ब्लाय मॅनर' (२०२०) चौथी. ती खरं तर प्रेमकथा आहे, त्या तयारीने बस. त्यातला फक्त पहिला भाग फ्लॅनगनने दिग्दर्शित केलाय, आणि तो फरक मला जाणवतो. 'मिडनाइट क्लब' (२०२२) शेवटी. एकाच सीझननंतर ती बंद झाली, त्यामुळे बरेच धागे लोंबकळत राहतात.