चोरीची शिक्षा रेकॉर्डवरून पुसता येते का?

प्रश्न : वकीलताई, १९ वर्षांचा असताना हॉस्टेलमधल्या एकाचा मोबाईल उचलला होता. परत दिला, तरी केस झाली, कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि सुटलो. आता चार वर्षांनी नोकरीच्या फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे का' असा रकाना आलाय. हे रेकॉर्ड साफ होतं का? – नाव नको

उत्तर : स्पष्टच सांगते, सज्ञान माणसाची शिक्षा काही वर्षांनी आपोआप पुसली जाईल असा सरसकट कायदा भारतात नाही. म्हणून 'ठाण्यात ओळख आहे, नाव काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर लांबूनच नमस्कार करा. (१८ च्या आत असता तर गोष्ट वेगळी होती, बाल न्याय कायद्यात ते रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद आहे.)

आधी कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि शेवटचा आदेश नीट वाचा. कारण १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली (म्हणजे शिक्षेऐवजी सुधारायची संधी देणारा कायदा) समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलेल्यांकडूनही कधी नुकसानभरपाई आणि कोर्टखर्च भरून घेतात, आणि माणूस वर्षानुवर्षं त्यालाच दंड म्हणत बसतो! तसं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, दोषी ठरवल्याची नोंद मात्र राहते.

साधा दंडच असेल तर सेशन कोर्टात अपील, पण मुदत ३० दिवसांची, म्हणजे आता उशीर माफीचा अर्ज लागणार आणि चार वर्षं काय करत होतात ते पटवून द्यावं लागणार, ते सोपं नाही. त्यात तुम्ही गुन्हा कबूल केलाय, म्हणून वाद फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही एवढाच, तिथे प्रोबेशन मागून बघता येतं. अपील दाखल झालं आणि मोबाईलवाला तयार असेल तर कोर्टाच्या परवानगीने तडजोडही होते, साधी चोरी त्यात बसते, आणि तशी तडजोड म्हणजे निर्दोष सुटका. माझ्या मते खरा उपाय हाच, त्यामुळे त्या मुलाशी आधी बोला.

फॉर्मवर 'नाही' लिहू नका. नोकरीच्या फॉर्मवर गुन्हा लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग केसमध्ये (२०१६) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की किरकोळ प्रकरणात मालक लपवाछपवीकडे दुर्लक्ष करू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. खरं लिहूनही नोकरी द्यायलाच हवी असं नाही, तरी पडताळणीत खोटं सापडलं तर लागलेली नोकरीही जाते. 'हो' लिहून निकालाची कॉपी सोबत जोडा.