‘स्टिफनेस’: ताठरता की कठीणपणा?

प्रश्न असा आला आहे: मऊ पॉलिमरचे (लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थाचे) सूक्ष्म खांब घडवतात, त्यांचा ‘स्टिफनेस’ तापमानाने किंवा ओलाव्याने बदलतो. याला ‘पर्यावरण-प्रतिसादी कठीणपणा’ म्हणावे का?

म्हणू नये. दोन्ही शब्द चुकतात. कठीणपणा म्हणजे ओरखडा किंवा खड्डा पडू न देणे. मोहसच्या मोजपट्टीवर शंखजिरे 1 आणि हिरा 10, तो हा गुण. इथे प्रश्न वाकवायला किती जोर लागतो याचा आहे, म्हणून ताठरता. ‘ताठर भूमिका’मुळे शब्दाला हट्टीपणाचा वास आहे, पण जोर लावूनही न बधणे हाच तर अर्थ. ‘ताठा’ मात्र माणसांसाठीच राहू द्या. आणि पर्यावरण म्हटले की वाचक जंगलात जातो, ‘भोवताल’ पुरे.

खरी गफलत पुढे होते. यंगचा गुणांक, म्हणजे ताणाला किंवा दाबाला पदार्थ स्वतः किती दाद देत नाही याचे माप, वेगळा, खांबाची ताठरता वेगळी. एका टोकाला रोवलेल्या गोल खांबाची ताठरता गुणांकाच्या आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास निम्मा केला की ताठरता सोळावा हिस्सा, पदार्थ तोच. समजा, खांब सगळीकडून निम्मा आक्रसला आणि गुणांक दसपट झाला, तर ताठरता पाचपटच वाढते. दोन्हींना ‘ताठरता’ लिहिले तर हा हिशेब वाचकाला कधीच जुळणार नाही.

क्रियापदे तर घरातच आहेत. ओलाव्याने मऊ पडण्याला ‘सादळणे’. पापड सादळतो, खळ दिलेली सुती साडी पावसाळ्यात लुळी पडते. दोन्हीकडे पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतात. स्टार्चही पॉलिमरच, तेव्हा उपमेची गरजच नाही.

पिनायपॅम या पॉलिमरच्या जेलचे उलटे. त्याचा खांब पाण्यात बुडालेला असतानाच साधारण 32 अंश सेल्सिअसच्या वर आतले पाणी बाहेर टाकतो, लहान आणि ताठर होतो. थंड केला की पुन्हा फुगतो. याला ‘आळणे’ लिहायचा मोह होतो, पण आळलेले दूध गार केल्याने पुन्हा पातळ होत नाही. इथे ‘आक्रसणे’च बरे. ‘सुकणे’ तर अजिबात नको: असे खांब खरोखर सुकवले तर आटत्या पाण्याच्या पृष्ठताणाने ओढले जाऊन ते एकमेकांना चिकटतात, आणि प्रयोगशाळेत ‘सुकले’चा अर्थ नमुना वाया गेला असाच घेतला जाईल.