एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये एका नोडवर (नेटवर्कमधल्या एका यंत्रावर) तीन सॉकेट ऐकताना प्रोग्राम अडकतो. थ्रेड (एकाच प्रोग्राममधली समांतर चालणारी कामं) वापरू का?

तुमचा गेटवे म्हणजे एक नोड, त्यावर ५००१, ५००२, ५००३ या पोर्टांवर तीन यूडीपी (आधी कनेक्शन न जोडता पाठवायची पद्धत) सॉकेट, म्हणजे पॅकेटं घ्यायची तीन दारं, आणि तीन सेन्सर. 'स्टार्ट ॲप्लिकेशन'मध्ये व्हाइल लूप टाकून तुम्ही पाळीपाळीने तिन्हींवर रिसीव्ह करताय. लॅपटॉपचा पंखा गरगरतो, पडद्यावर एक अक्षर येत नाही. बरोबर ना?

थ्रेड नको. माटुंग्याला शेवटच्या वर्षात असताना मी हा उद्योग करून बसलोय. प्रोग्राम तीनदा चालायचा, चौथ्यांदा कोसळायचा. एनएस-३चे स्मार्ट पॉइंटर (वस्तू कितीजण वापरताहेत ते मोजून मेमरी आपोआप मोकळी करणारे) अनेक थ्रेडांनी एकदम हाताळण्यासाठी बनवलेलेच नाहीत, हे कळेपर्यंत दोन रात्री गेल्या.

तुमच्या लूपचं दुखणं वेगळं आहे. एनएस-३मधलं रिसीव्ह थांबून राहत नाही. काही आलेलं नसेल तर लगेच रिकाम्या हाताने परत येतं. आणि सिम्युलेशनचं घड्याळ पुढे सरकतं ते तुमचं फंक्शन संपून रांगेतली पुढची घटना उचलली गेली की. सेन्सरचं पॅकेट निघणार १ सेकंदाला, तुम्ही अडून बसलात ० सेकंदाला. दादरला इंडिकेटर कधी बदलतोय म्हणून टक लावून उभं राहायचं आणि तो बदलणारा माणूसही आपणच, अशी गत.

तेव्हा लूप काढा. सॉकेट बनवा, बाइंड करा (पोर्टाला जोडा), प्रत्येकावर 'सेट-रिसीव्ह-कॉलबॅक'ने कॉलबॅक, म्हणजे काही आलं की एनएस-३ने बोलवायचं तुमचं फंक्शन, लावा आणि सुरुवातीचं फंक्शन संपू द्या. तिन्हींना 'हँडल-रीड' हे एकच कॉलबॅक फंक्शन चालतं, कारण ज्या सॉकेटवर काही आलं तो सॉकेटच त्याला आर्ग्युमेंट म्हणून मिळतो. लूप हवा तो या फंक्शनच्या आत: 'रिसीव्ह-फ्रॉम' रिकामं परत येईपर्यंत पॅकेटं काढत राहा. एका हाकेला एकच पॅकेट असेल असं धरून चालू नका.

पण मुळात तीन सॉकेट कशाला? यूडीपीला एका पोर्टावरचा एक सॉकेट कितीही जणांचं ऐकतो. पाठवणाऱ्याचा आयपी आणि पोर्ट 'रिसीव्ह-फ्रॉम'मधून मिळतोच. 'इनेट-सॉकेट-ॲड्रेस'मध्ये कन्व्हर्ट करून बघा. तापमान वेगळं, अलार्म वेगळा अशा खरोखर वेगळ्या सेवा असतील तरच पोर्ट वेगळे ठेवा. नुसतं कोणी पाठवलं एवढं ओळखायला तीन पोर्ट म्हणजे चाळीत प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळा जिना.

उद्या गाइडने टीसीपी (आधी कनेक्शन जोडून पाठवायची पद्धत) करायला सांगितलं तर मात्र सॉकेट वाढणारच. तिथे लिसन करणाऱ्या सॉकेटवर डेटा येत नाही. 'सेट-ॲक्सेप्ट-कॉलबॅक' लावायचा, प्रत्येक कनेक्शनला नवा सॉकेट हातात येतो आणि त्यावर रिसीव्ह कॉलबॅक पुन्हा लावावा लागतो. मूळ सॉकेटवरचा त्याच्याकडे येत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. शिवाय टीसीपीला निरोप कुठे संपला ते कळत नाही. एनएस-३मध्ये सेगमेंटचा डीफॉल्ट आकार ५३६ बाइट आहे, म्हणजे १००० बाइटांचा निरोप ५३६ आणि ४६४ असा तुटून येऊ शकतो. प्रत्येक सॉकेटमागे एक बफर ठेवा आणि निरोपाच्या सुरुवातीला त्याची लांबी लिहा. एनएस-३च्या सोर्समधली 'पॅकेट-सिंक' या पॅकेटं स्वीकारणाऱ्या तयार ॲप्लिकेशनची फाइल उघडून बघा, ॲक्सेप्ट आणि रीड कसे जोडलेत ते नीट दिसतं. मी ती सगळ्यात शेवटी उघडली, अर्थात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण व्हायव्हाला मला हीच नडली. 'हँडल-रीड'मध्ये तुम्ही कितीही हिशोब करा, सिम्युलेशनच्या घड्याळात त्याला शून्य वेळ लागतो. माझ्या आलेखात ४० सेन्सर एकदम बोलले तरी गेटवेवर रांग शून्य. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हा गेटवे कुठल्या दुकानात मिळतो?"

एका निरोपाला २ मिलिसेकंद लागतात असं दाखवायचं असेल तर प्रत्येक पॅकेट आल्या आल्या २ मिलिसेकंदांनंतरचं 'शेड्यूल' करून भागत नाही. तसं केलं तर चाळीसच्या चाळीस निरोप एकाच वेळी शिजतात. आलेला निरोप स्वतःच्या रांगेत टाका आणि गेटवे मोकळा आहे की कामात आहे याचा एक फ्लॅग ठेवा. मोकळा असेल तरच २ मिलिसेकंदांनंतरची घटना लावा. ती घटना झाली की रांगेतला पुढचा निरोप उचलून पुन्हा तेच. रांग संपली की फ्लॅग खाली. तीन सॉकेट असले तरी रांग एकच ठेवा, कारण तुमच्या गेटवेला प्रोसेसर एकच आहे.