तुलूझमधला ओतेल दासेझा: अंगणात नेमकं काय बघायचं?

फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एकच सकाळ हाताशी आहे, 'ओतेल दासेझा' बघावं का, आणि हॉटेल असेल तर आत सोडतील का, असं तुम्ही विचारलंय. हे राहायचं हॉटेल नव्हे. फ्रेंचमध्ये शहरातल्या धनिकाच्या वाड्यालाही ओतेल म्हणतात. आज इथे बेंबर्ग फाउंडेशनचं कलासंग्रहालय आहे. जरूर जा, पण चित्रांकडे धावू नका. आधी अंगणात अर्धा तास काढा.

वाडा प्येर दासेझा या व्यापाऱ्याने 1555 मध्ये बांधायला घेतला. पैसा आला पस्तेल या वनस्पतीतून. तिची पानं दळून, गोळे करून, आंबवून निळा रंग काढत. आराखडा निकोला बाशलिएचा. काम चालू असतानाच तो वारला आणि पुढचं त्याचा मुलगा दोमिनिक याने केलं.

अंगणात काटकोनात मिळणाऱ्या दोन मुख्य भिंतींसमोर उभे राहा. दगडी जोडखांब तळमजल्यावर डोरिक (साध्या माथ्याचे), वर आयोनिक (माथ्याला वेटोळी), त्याच्यावर कोरिंथियन (माथ्याला कोरीव पानं), हा रोमन क्रम. आता खिडक्या बघा. खालच्या दोन मजल्यांवर चौकोनी खिडकी कमानीच्या आत बसवलीय, तिसऱ्यावर नेमकं उलट: खिडकीलाच कमान आणि वर सरळ पट्टी. तीन मजले एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटत नाहीत ते यामुळे. माझ्या मते सगळ्या वाड्यातली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

मग भिंतीच्या अगदी जवळ जा. तुलूझच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही, नदीकाठची माती मात्र भरपूर. म्हणून भिंत विटेची आणि महागडा दगड खांब, पट्ट्या, चौकटी यांच्यापुरता. तिथली वीट आपल्या विटेसारखी ठोकळा नसते. साधारण 42 सेंमी लांब, 28 रुंद आणि जाडीला जेमतेम 5, जणू जाड फरशीच. सांधे चुन्याचे. अशा भिंतीत सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती विटेतून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. शहरात फिरताना सांधा शाबूत आणि वीट आत खचलेली दिसली, तर बहुतेक कारण हेच.

आता सज्जा असलेल्या बाजूकडे वळा. तिथे खोल्या नाहीत, भिंतीला लागून दगडी घोड्यांवर (भिंतीतून पुढे काढलेल्या आधारांवर) तोललेला सज्जा तेवढा आहे. प्रॉटेस्टंट असल्यामुळे दासेझाला 1562 मध्ये शहर सोडावं लागलं आणि वाडा अपुरा राहिला. त्याच सुमारास पस्तेलचा धंदाही बसला. पुढे युरोपात त्याची जागा घेतली ती मुख्यतः आपल्याकडच्या निळीने. रंगद्रव्य दोन्हींत एकच, पण निळीच्या पानांत ते कितीतरी जास्त.

निघण्याआधी कोपऱ्यातल्या जिन्याच्या मनोऱ्याचं दार बघा. दोन्ही बाजूंना पिळाचे खांब आहेत. तिकीट त्यानंतर काढा.